लाइन गेल्यावर

तीन महिने तो नुसताच उभा होता
आयटीआयच्या मागच्या शेडमध्ये, जाळीच्या आत,
हळद लागलेला पिवळाधम्मक नवरदेव
आणि वऱ्हाडाचा पत्ता नाही.
पासवर्ड नागपूरहून यायचा होता.
आम्ही बाहेरून त्याचे सांधे मोजायचो. सहा.
चेतन उईके म्हणाला, "आपल्या हाताले किती असतीन बे?"
कोणी मोजलेच नव्हते.

पासवर्ड आला तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
डायगव्हाणे सरांनी पेंडंट माझ्या हातात दिला,
पाटीएवढा, पण पाटीहून जड.
मागच्या बाजूला एक पट्टी, ती हलकी दाबून धरायची.
सोडली तर तो थांबतो,
घाबरून आवळली तरी थांबतो.
"हाफ क्लच," सर म्हणाले
आणि पोरांच्या माना हलल्या.

मला गाडी येत नाही.
मला आमची चक्की येते.
गव्हाची धार जास्त सोडली तर पीठ भरड,
बंद केली तर दगडाला दगड घासून जळका वास.
मधली जागा बोटांना सापडते, सांगता येत नाही.
मी ती पट्टी तशी धरली.
तो हलला. दहा टक्के वेगाने,
बाळंतपणाहून उठलेल्या बाईसारखा, जपून.

पहिलं ओझं म्हणून सरांनी
त्यांच्या पोराचा लाकडी बैल आणला,
एक चाक निघालेलं, पाठीवर बेगडाची झूल.
मी एक जागा शिकवली, मग दुसरी,
आणि चालव म्हटलं.
तो सरळ रेषेत टेबलात घुसला.
शिंग मोडलं.
"थेट नाही जायचं," सर म्हणाले,
"कोणाच्या घरी जाताना दारात खाकरतो ना माणूस?
आधी वर थांब. मग खाली उतर."
तेव्हापासून माझ्या प्रोग्राममध्ये
प्रत्येक जागेच्या वर हातभर अंतरावर
एक खाकरणं असतं.

पालकांना बोलावलं त्या दिवशी
बाबा चक्की बंद ठेवून आले.
भुवयांत पीठ तसंच.
बाकीच्यांनी विचारलं, किमतीला केवढा पडला,
किती माणसांचं काम करते,
पोराले नोकरी कुठं लागंल.
बाबांनी उजवा हात खिशात ठेवला होता,
त्या हाताची दोन बोटं मी कधी पाहिलीच नाहीत.
मी जन्मायच्या आधी, एका दुपारी
लाइन गेली म्हणून त्यांनी पट्ट्यात हात घातला.
लाइन गेली होती.
पट्टा गेला नव्हता.

"हे थांबते कुठून?" त्यांनी विचारलं.
मी लाल बटण दाखवलं. जाळीचं दार दाखवलं,
उघडलं की तो थांबतो.
पट्टी दाखवली.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं.
"आन् लाइन गेल्यावर?"

मी सरांकडे पाहिलं.
सरांनी मान हलवली.
तो बैल उचलून अर्ध्या वाटेवर होता
तेव्हा चेतनने मेन स्विच खाली ओढला.
पंखे मंदावत गेले.
आत कुठंतरी ब्रेक खट्ट वाजले
आणि हात तिथंच राहिला, हवेत,
तोंडाशी आलेला शब्द गिळावा तसा.

"हे असंच?"
"हाव. जागच्या जागी."
"खाली नाई येत?"
"नाई येत."

सर म्हणाले, या आत, बंदच आहे आता.
बाबा जाळीच्या दारापर्यंत गेले आणि थबकले.
बैलाचं एक चाक अजून फिरत होतं,
धक्क्याने सुटलेलं, बिनकामाचं, हळूहळू.
सर दोनदा या म्हणाले.
पोरं हसली.

बाबा उभेच.
चाक पार थांबलं, त्यानंतरही
ते थोडा वेळ थांबले.
मग खिशातून हात काढला.